अप्पांनी न विचारलेला प्रश्न

अप्पांची सगळी नोकरी तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर गेली. अर्धा महिना तिकडे, अर्धा सोलापुरात. घरी असले की ताटावर बसल्यावर रिगचा विषय निघायचाच. दादा कंटाळायचा. मी मात्र ऐकत बसायची, कारण एरवी अप्पा फारसं बोलतच नसत.

त्यांचा लाडका विषय म्हणजे खडकाची ताकद बघायची चाचणी. काही अंतर खोदून झालं की विहिरीत पोलादी पाइप उतरवून तो सिमेंटनं पक्का करतात. त्याखाली थोडा नवा खडक खोदतात, विहिरीचं तोंड बंद करतात आणि आत हळूहळू खोदताना वापरतात तो पातळ चिखल पंप करत राहतात. दाब वाढत जातो, आलेखावरची रेघ सरळ वर चढते. ती जरा कलली की पंप थांबवायचा. खडक फाकायला लागला, चिखल पिऊ लागला, असा त्याचा अर्थ. पुढे किती जड चिखल वापरायचा, हे त्यावरून ठरतं. अप्पा ती रेघ ताटातच काढायचे, शेंगाचटणीच्या तेलात, बोटानं. आई वैतागायची.

"एखादा शहाणा असतोय की," ते म्हणायचे. "मीटरच चुकलं म्हणतो, परत दाब द्या म्हणतो. एकदा फाकलेला खडक दुसऱ्यांदा कमी दाबात उघडतो. मग बसा बोंबलत."

हे सांगणाऱ्या माणसानं घरात नेमकं तेच केलं.

आई गेल्यानंतरच्या संक्रांतीला दादा पुण्याहून आला होता. गड्ड्याची यात्रा भरलेली, घरात तिळगुळाचे डबे. जेवताना अप्पांनी विचारलं, "कायमचा कधी येतोस?" दादानं हसून टाळलं. अप्पांनी वरच्या मजल्याचं काढलं, तो त्याच्यासाठीच बांधला होता म्हणाले. मग आईचं काढलं. दादाच्या आवाजात फरक पडलेला मला कळत होता, पण अप्पा थांबेनात. शेवटी दादा म्हणाला, "नाही येणार. मला इथं राहायचंच नाही."

तिथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण सकाळी चहाच्या वेळी अप्पांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. या खेपेला दादानं त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. चहा तसाच ठेवून बॅग उचलली आणि स्टँडवर गेला. अप्पा दारात उभे होते. "मला वाटलं, रात्रीचं रागातलं आसंल," एवढंच म्हणाले. मला त्यांचा संताप आला होता, तरी त्यांचा चहा मी परत गरम करून दिला.

पुढची कितीतरी वर्षं दादा संक्रांतीला आला नाही. हळूहळू रविवारचे फोन सुरू झाले. अप्पा फोन स्पीकरवर ठेवतात आणि हवापाण्याचं विचारतात. थंडी हाय का, पाऊस झाला का, बास. ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणतात, "आज कायच इचारलं न्हाय मी." शाबासकी हवी असते त्यांना. मी देते.

मागच्या काही रविवारी दादा फोन लवकर ठेवेना. हवापाणी संपलं तरी "अजून काय, अप्पा?" म्हणून गप्प राहायचा. अप्पा घाईनं "बरं, ठेवतो" म्हणायचे.

परवा त्यानं मला एकटीला फोन केला. कंपनीनं त्याला विचारलं होतं, गावी राहून काम करणार का. तो महिनाभर विचार करत होता. "अप्पांनी एकदा विचारलं असतं तर हो म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण त्यांना आता मी यावंसं वाटतच नाही बहुतेक. काल कंपनीला नाही सांगून टाकलं. ती जागा त्यांनी लगेच दुसऱ्याला दिली."

अप्पा का विचारत नाहीत, ते मी त्याला सांगितलं.

मी आत आले तेव्हा अप्पा ताटावर बसले होते. "काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

"थंडी पडलीय म्हणाला," मी म्हटलं, आणि त्यांना भाकरी वाढली.