घोटभर सरबत

माझी नणंद संत्र्याच्या रसात आलं घालून सरबत करते आणि समोर येईल त्याला पाजते. कोणाला खोकला झाला, पाजलं. कोणाचे गुडघे धरले, पाजलं. पोरीचं लग्न जमत नाही म्हणून रडत आलेल्या शेजारणीलाही तिने एकदा ग्लासभर पाजलं होतं. ती अकोल्याला राहते. सकाळी फिरून परतणारी कॉलनीतली माणसं तिच्या फाटकाशी थांबतात आणि ती स्टीलच्या जगातून एकेकाला ओतून देते. पैसा घेत नाही. कौतुक मात्र जागच्या जागी लागतं.

करते निगुतीने, हे खरं. संत्री मिक्सरला लावत नाही, कारण बी फुटलं की रस कडू होतो. एकेक फोड सोलून, बी काढून, मलमलच्या फडक्यातून पिळते. आलं किसून त्याचा रस वाटीत ठेवते, खाली पांढरा साका बसू देते आणि वरचं नितळ तेवढंच घेते. मग खडीसाखर, सैंधव, चिमूटभर जिरेपूड. मी तिच्याशी जन्मभर भांडले, पण तिच्या सरबताला कधी नावं ठेवली नाहीत.

तेच सरबत माझ्या नवऱ्याच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, हे काम शेवटची काही वर्षं माझ्या वाट्याला आलं.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड अमरावतीच्या दवाखान्यात डायलिसिस. पहिल्याच आठवड्यात तिथल्या आहाराच्या बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, संत्रं, मोसंबी, केळं, नारळपाणी, सगळं बंद. पाणीसुद्धा मोजून. हे हसले. म्हणाले, "मॅडम, वरूडले आमची संत्र्याची बाग हाय." त्या बाई काही हसल्या नाहीत. "मग विका, पण खाऊ नका," म्हणाल्या. फळातलं पोटॅशियम निरोगी माणसाच्या लघवीवाटे निघून जातं, यांच्या रक्तात ते साठून राहील आणि हृदय अचानक बंद पडेल, असं त्यांनी समजावलं. मला ते एकदा ऐकून पुरलं. यांना रोज सांगावं लागायचं.

मी कडक झाले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकून पुन्हा उकडायचा, तेही पाणी फेकायचं, तेव्हा त्याची भाजी. सकाळी दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं, चहासुद्धा त्यातलाच. दुपारी चारलाच बाटली रिकामी झाली की हे माझ्याकडे बघायचे आणि मी भिंतीकडे. बागेतून संत्र्यांचे क्रेट भरून ट्रक निघायचे. आमच्या अमरावतीच्या घरात मात्र एक फळ शिरत नव्हतं.

फळं शिरत नव्हती, पण माणसं शिरत होती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही, आणि आणलेलं त्याच्या घशाखाली उतरताना पाहिल्याशिवाय उठत नाही. नारळपाणी आलं, बीट-गाजराचा रस आला, डाळिंबाचा आला, आवळा-आलं-मध आलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर कोणीतरी कोणाची तरी किडनी घरगुती उपायाने बरी केलेली असायची. "एक घोट तरी घेऊ द्या वयनी, आमच्या मनाले बरं वाटते." त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून माझ्या नवऱ्याने मरायचं. मी दारातच बाटल्या काढून घ्यायची. माणसं चपला घालताना एकमेकांकडे बघायची आणि जिना उतरताना बोलायची. तेही मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने.

यात मला घरातून साथ असती तर मी सगळ्या गावाला पुरून उरले असते. पण हेच पाहुण्यांसमोर हात जोडायचे. "मले काय विचारता, हिले विचारा. दारोगा हाय ते." एकदा माझ्याच भावासमोर म्हणाले, "हिले घाई झाली हाय बाबा, मले वाळवून मारून राहिली." भाऊ खाली मान घालून बसला. तो गेल्यावर मी म्हटलं, "मरायचं तर मरा. माझ्या हातून मात्र नाही." यांनी औषधाची वाटी भिंतीवर फेकली. मी फरशी पुसली आणि दुसरी वाटी आणली. प्रेम वगैरे त्या घरात कधीचं आटून गेलं होतं. दोघांचा हट्ट तेवढा उरला होता.

नणंद पहिल्यांदा जग घेऊन आली ती दिवाळीत. मी तो तिच्या हातातून घेतला आणि तिच्यादेखत मोरीत रिकामा केला. ती जमिनीवर बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "माह्या भावाच्या बागेतली संत्री, अन माह्या भावालेच नाई! अवं, दुश्मनालेही कोणी पाणी पाजते." मी डॉक्टरांना फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असा एक ग्लाससुद्धा जीव घेऊ शकतो. ती "हो सायेब, हो सायेब" करत राहिली. त्यानंतर चार महिने तिने आमचा उंबरठा ओलांडला नाही. मी म्हटलं, चला, एक दार तरी बंद झालं.

मार्च उजाडला तशी यांची तहान हाताबाहेर गेली. मी बर्फाचा खडा फडक्यात बांधून द्यायची, तो हे चोखायचे. ओठांना भेगा पडल्या होत्या. बागेतून मृग बहाराची संत्री निघाल्याचा फोन आला की हे भाव विचारायचे आणि मग बराच वेळ छताकडे बघत पडून राहायचे. भांडायचेही बंद झाले होते. मला वाटलं, अखेर समजलं असावं.

एक दिवस यांनीच आठवण केली म्हणून मी यांची इंजेक्शनं आणायला दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. परत आले तर दारात नणंदेच्या चपला, आणि जिन्यापर्यंत किसलेल्या आल्याचा वास. आत हे उशीला टेकून बसले होते, मिशांना रस लागलेला, मांडीवर हात टाकून, जेवून तृप्त झालेला माणूस बसतो तसे. जग रिकामा होता. नणंद खिडकीशी उभी होती आणि तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी काय काय ओरडले ते आठवत नाही. तिला मी खुनी म्हटलं, एवढं आठवतं. हे शांतपणे म्हणाले, "ओरडू नको. बस थोडं. ऊन लागलं का तुले? तोंड लाल झालं पाय." कित्येक वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. पण मला बसायला वेळ कुठे होता? मी दवाखान्याला फोन करत होते, ऑटो बोलावत होते, त्यांच्या पायात चप्पल कोंबत होते. ऑटोत बसेपर्यंत त्यांचे पाय जड झाले होते. वाटेत त्यांनी माझा हात धरला आणि मी तो सोडवून पुन्हा दवाखान्याला फोन लावला.

दवाखान्यात पोचताच डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलं यांनी?"

"संत्र्याचं सरबत," मी म्हटलं.

"किती?"

ऑटोतून सोबत आलेली नणंद माझ्या मागून म्हणाली, "घोटभर."

मशीन जोडायच्या आत हृदय थांबलं. ते कसं थांबेल हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं. अगदी तसंच थांबलं.

दहाव्याला मुलाने पिंड ठेवला आणि तो मागे वळतो न वळतो तोच कावळा शिवला. ही बातमी घाटावरून आमच्या घरी पुरुषांच्या आधी पोचली. नणंद बायकांच्या मध्ये बसली होती. ती म्हणाली, "कायची इच्छा राहीन? माह्या हातचं पिऊन गेला थो." बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीकडे कोणाचा हात आला नाही. आमच्या चुलत सासऱ्यांनी तर घरात पाऊल टाकताच सुनावलं, "बायकोनं पाण्याले तरसवलं, पण बहिणीनं तृप्त करून धाडलं." कावळ्याची साक्ष मिळाली होती. त्यापुढे डॉक्टरांना कोण विचारतो?

तेरवीला नणंदेने पातेलंभर सरबत केलं. भावाला आवडायचं, म्हणून पंगतीतल्या प्रत्येकाला ग्लास द्यायचा असं तिने परस्पर ठरवून टाकलं. वाढायला ट्रे माझ्या हातात दिला. मी पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "याच सरबताने ते गेले. ज्याला प्यायचं त्याने हे ध्यानात ठेवून प्यावं."

मग चुलत सासरे म्हणाले, "सूनबाई, आज तरी जिभेले आवर घाल." माझा मुलगा जवळ आला, ट्रे माझ्या हातातून घेतला आणि हळूच म्हणाला, "आई, आता पुरे." आणि तो स्वतः वाढायला लागला. सगळे प्यायले. काहींनी पुन्हा मागितलं.

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्यामागून नणंद आली, तिने दार लोटलं आणि ओट्याशी उभी राहून फडकं पिळू लागली. रडेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज सुपारी फोडल्यासारखा कोरडा होता.

"मले येडी समजली का तू? डॉक्टरनं फोनवर सांगतलं थे सारं ध्यानात होतं माह्या. मी माह्या मनानं नाई आली. त्यानंच फोन केला. म्हणे, आक्का, सरबत घेऊन ये, भरपूर आण, अन ही बाहीर जाईन तवा ये. मी नाई म्हटलं, तं म्हणे, मंग यापुढं राखी बांधाले येऊ नको. दोन दिवस मी रडली. मंग बसली संत्री सोलाले."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानंच सांगतलं, तिले कळू देऊ नको. म्हणे, ही मले मरूही देत नाई अन जगूही देत नाई." तिने फडकं झटकलं आणि दोरीवर टाकलं. "मी पाप घेतलं वो अंगावर. लोकं पुण्य म्हणतात तं म्हणू दे. तेवढं तरी राहू दे माह्यापाशी."

मी तिला विचारलं, "ताई, तुमची अकोल्याची गाडी किती वाजता आहे?" ती समजली. पदर खोचून, कोणाचा निरोप न घेता निघून गेली. त्यानंतर आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा राग आलाच नव्हता. राग आला तो यांचा, इतका की भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी त्या माणसासाठी बटाट्याचं पाणी फेकलं, पाहुण्यांच्या शिव्या खाल्ल्या, दारोगा झाले, आणि त्याने मरायचं ठरवलं ते बहिणीला फोन करून, मला इंजेक्शनं आणायला धाडून. मी बायको होते. एकदा मला विचारायचं तरी होतं. मी रडले असते, भांडले असते, आठ-पंधरा दिवस बोलले नसते, आणि मग कदाचित संत्री मीच सोलून दिली असती.