कॅसेट संपू नये म्हणून

दुपारी जेवण आटपून कुंदा जरा आडवी होते. उशाशी टेपरेकॉर्डर, हातात पेन्सिल. टेपमधून तिची आई, निराबाय, गातेय. निराबाय धवलारीण होती. लग्नाच्या मांडवात धवले गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायची. ही कॅसेट दादाच्या लग्नातली. येत्या सोमवारी दादाच्या मुलीची हळद आहे आणि आई गेल्यापासून बोलवायची नावं कुणालाच येत नाहीत.

कॅसेटमध्येही नाहीत. रेकॉर्ड करताना आई नावांवर आली की कुंदानंच बंदचं बटन दाबलंय. साठ मिनिटांत गाणं मावायला हवं होतं. नावं काय, घरचीच!

खट्.

डोळा लागतो की नाही कोण जाणे. आई ओट्याशी पाठमोरी उभी आहे, सुपात तांदूळ पाखडतेय.

"जेवलीस गो?"

"जेवले. आय, नावं सांग."

"कालवण काय केलंस?"

"आय!"

"वाल असतील. मीठ कमी घातलं असशील."

खट्.

ओटा लांबत लांबत मिठागराचा बांध झालाय. दोन्हीकडे पाणी. आई पुढे चाललीय, कुंदा धापा टाकत मागे.

"पोशा," आई हाक घालते. "जोमा. धाकली. हाश्या..."

"हळू गो, लिहितेय मी."

"मेलेली माणसं तुझ्या पेन्सिलीसाठी थांबतील होय? हाक मारली की निघाली ती." आई हसते, तोंडाला पदर लावून. तेच हसणं. कुंदाला एकदम वाटतं, नावं गेली चुलीत, तू फक्त एकदा मागे वळ.

खट्.

मांडव. हळदीचा वास, माणूस एक नाही. आई पाटावर बसलीय. समोर टेपरेकॉर्डर, त्याच्या बटनावर कुंदाचं बोट. ते उचलता उचलत नाही.

"शेवटचं नाव कापलंस तू," आई म्हणते. रागानं नाही. "नवशी."

"कोण नवशी?"

"तुझ्या आधीची. नऊ दिवसांची होऊन गेली. सगळे म्हणाले, बारसं झालं नाही, हिला कसलं नाव? मी मनात ठेवलं. घरात मोठ्यानं कुठं घेणार? मांडवात घ्यायचे, सगळ्यांच्या गर्दीत. तेवढीच लेक हळदीला येऊन जायची."

"मला कुठं ठाऊक होतं, आय!"

"असणार कसं? कॅसेट संपली असती ना."

आणि ती वळून बघते.

खट्.

टेप संपून बटन वर उडालंय. खिडकीतलं ऊन कललंय. कुंदा उठून बसते. पहिलं नाव काय होतं? पाण्यात गेलं. त्याच्या पुढचंही. पेन्सिल मुठीत तशीच आहे, आणि मांडीवर कॅसेटची डबी. तिच्यातल्या कागदावर, 'दादाचे लग्न' याच्या खाली, तिच्याच अक्षरात, ओळ सोडून घसरत गेलेलं एक नाव.

ती दादाला फोन लावते.

"सोमवारी मांडवात धवले गायला मी बसते."

"नावं मिळाली?"

"एक मिळालंय," कुंदा म्हणते. "आपल्याच घरचं."