एर्मिनियामावशीचा बाप्तिस्मा

कोर्सास गावात टाळ्या वाजवतात त्या फक्त कोंबड्या हाकलायला. हे जेझिएलला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे ब्राझीलमध्ये त्याच्या गावी दारापुढे उभं राहून टाळ्या वाजवल्या की घरातलं माणूस बाहेर येतं. इथे पोर्तुगालच्या डोंगरात तो अख्खा ऑक्टोबर दारोदार टाळ्या वाजवत हिंडला, बगलेत बायबल आणि पायात उन्हाळी पातळ बूट. एक दार उघडलं असेल तर शपथ. आल्बानोच्या गुत्त्यात त्याचं नाव पडलं, टाळीवाला. दोन्हीकडची भाषा एकच. पण भाषा एक असली की माणसं उमगतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आमच्याकडे एक हिवाळा काढून बघावा.

तेवीस वर्षांचं पोर. धर्मप्रचाराला निघताना, निरोपाच्या दिवशी तिकडच्या चर्चमध्ये उभं राहून बोलून बसलं होतं, "ईस्टरच्या आत तिथला पहिला बाप्तिस्मा करून दाखवतो." मंडळी "आमेन" म्हणाली, आईला भरून आलं. आता दर शनिवारी त्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती?"

त्याने गावातली बंद पडलेली बेकरी भाड्याने घेतली होती. मागे तो राहायचा, पुढे बारा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो त्या बारा खुर्च्यांना उपदेश करायचा. बोलणं एक वेळ जमायचं, पण गाणं म्हणताना त्याला लाज वाटायची. एकट्याचाच आवाज भिंतीवरून परत यायचा. हे तो फोनवर कधी सांगत नसे. देवाचा सेवक कधी एकटा असतो का, असं पाळकसाहेबांनी लगेच सुनावलं असतं.

त्याला पहिल्यांदा हटकलं ते शेजारच्या एर्मिनियामावशीने. वय एकोणऐंशी, नवऱ्यामागे वीस वर्षं काळ्या कपड्यांत. खिडकीतून ओरडली, "ए पोरा, कुणाच्या कोंबड्या हाकलतोयस रे?"

"घरात कुणी आहे का बघतोय, मावशी."

"मग हाक मार की! 'ओ घरातले' म्हणून ओरडायचं, आणि आपण कुणाचे ते सांगायचं."

"मी तर इथे कुणाचाच नाही."

मावशीने जरा विचार केला. "सांग, एर्मिनियाच्या शेजारचा."

दारं उघडली. कोबीचं सूप मिळालं, भाजलेले चेस्टनट मिळाले. घरच्या वाइनचा पेला पुढे आला आणि हा "आम्ही घेत नाही" म्हणाला की यजमान विचारायचे, "का, आमच्या पिंपात पाल पडलीय?" रविवारी मात्र एक जण फिरकेल तर!

मग जानेवारीतल्या एका रविवारी मावशीच दार ढकलून आत आली. हातात निखाऱ्यांची शेगडी. ती पायाशी ठेवून पहिल्या खुर्चीत बसली. पुढच्या रविवारी पुन्हा. असे पाच रविवार झाले. ती मान डोलवायची, मधेच डुलकी काढायची, पण यायची. गावच्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये फादर महिन्यातून एकदा मिस्सा म्हणायला, म्हणजे उपासनेला यायचे तेव्हा ती तिकडेही जायची, हे त्याला दिसत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. त्याने काणाडोळा केला. त्या शनिवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "किती?"

"एक," तो म्हणाला.

झालं. तिकडे मंडळीने उपास धरला, आईने तिचं नाव विचारून घेतलं, आणि सगळ्यांना बाप्तिस्म्याचा फोटो हवा झाला. मार्चमधला दुसरा शनिवार ठरला. मावशीला विचारलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली, कुणी वाटीभर साखर मागितल्यासारखं.

नदीवर अर्धा गाव जमला. फुकटचा तमाशा कोण सोडतो? जेझिएलचा फोन घेऊन आल्बानो फोटो काढायला काठावर उभा राहिला. "मावशी, पोहता येतं ना?"

"घाबरू नको, तुझ्या वाइनमध्ये याहून जास्त पाणी असतं!"

काठ हसला. दोघं कंबरभर पाण्यात उतरली. पाणी असं की हाडं ठणकावीत. जेझिएलने तिच्या पाठीमागे हात धरला आणि मोठ्याने विचारलं, "एर्मिनियामावशी, प्रभूवर मनापासून विश्वास ठेवून तुम्ही हा बाप्तिस्मा घेताय का?"

मावशीचे दात वाजत होते. ती हळूच म्हणाली, "काय म्हणायचं असतं ते सांग, म्हणते मी. पण लवकर."

"मावशी, तुम्हाला हवाय ना हा?"

"मला कशाला? माझा कधीच झालाय, आठ दिवसांची असताना. पण नाही केलास तर तुझी माणसं तुला बोलतील ना? मग बुडव एकदा आणि काढ बाहेर."

"आणि दर रविवारी येत होतात ते?"

"अरे, भिंतीपलीकडे राहते मी. एकटं माणूस बोलत बसलंय, ते ऐकवतं होय?"

त्याचा हात अजून तिच्या पाठीशी होता. जरा मागे कलवलं असतं तर काम झालं असतं. फोटो मिळाला असता, शब्द राखला गेला असता, आणि कुणाला कळणार होतं? आल्बानोने फोन डोळ्यांसमोर धरला होता. जेझिएलला त्या क्षणी फार मोह झाला. घरी ताठ मानेने परत जायचं होतं त्याला, बाकी काही नको होतं.

"बाहेर चला, मावशी. गारठाल."

"म्हणजे? एवढी भिजले ती उगाच?" मावशी चिडलीच.

लोक हिरमुसून पांगले. तो काठावर बसून लहान पोरासारखा रडला, आणि मावशीने स्वतःसाठी आणलेल्या पंच्याने त्याचं डोकं पुसलं.

संध्याकाळी फोन आला. "फोटो कुठंय?"

"नाही. एकही बाप्तिस्मा नाही."

"आणि ती बाई?"

"ती शेजारीण आहे. मला करमत नाही, म्हणून येते."

सहा महिन्यांत त्याने हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. आता खरडपट्टी निघणार म्हणून तो वाट बघत राहिला. पण पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "परत ये, बाळा. तिकीट पाठवतो." रागावले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

तो तसाच मावशीकडे गेला. तिचे काळे कपडे चुलीपाशी वाळत होते आणि ती बटाटे सोलत होती.

"मी बुधवारी चाललो, मावशी. आता तुम्हाला त्या थंडगार खोलीत बसून माझी बडबड ऐकायला नको." त्याने हसून दाखवायचा प्रयत्न केला.

मावशीने वर पाहिलं नाही. हातातला बटाटा सोलून झाला, आणखी एक झाला. मग तिने सुरी टेबलावर आपटली.

"आणि रविवारी मी कुठे जाऊ?"