ताटीपलीकडचं हसू

नलू आत गेली की फादर हसतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, न चुकता. आधी दाबून धरलेली खुसखुस, मग चांगलं मोकळं हसू. आणि आत चाललेलं काय असतं, तर कन्फेशन, म्हणजे महिनाभरात केलेल्या पापांची कबुली. पापं ऐकून फादर हसतात, आणि तीही फक्त नलूची. माझी ऐकून एकदाही हसले नव्हते. याचं माझ्या पोटात दुखायचं, आणि ते मी लपवणार नाही.

मी शोभाबाई. देवळीच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं. गावात आम्हा कॅथलिकांची घरं मोजून चौदा. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. फादर वर्ध्याहून मोटरसायकलवर येतात, आधी कन्फेशन ऐकतात आणि पाच वाजता मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, करतात. शहरातल्या चर्चमध्ये कन्फेशनसाठी जाळीचा लाकडी कोनाडा असतो म्हणे. आमच्याकडे कोपऱ्यात पडदा, आत दोन खुर्च्या आणि मध्ये वाळ्याची जुनी ताटी, उन्हाळ्यात खिडकीला लावतात ती. अलीकडे आपण, पलीकडे फादर. उन्हाळा लागला की चर्चची झाडलोट बघणारा लहानू ताटीवर पाणी मारतो, त्यामुळे आमच्या गावात पापं सुवासात सांगितली जातात.

पडद्याशेजारी कूलर आहे. तो बाराही महिने चालतो, कारण त्याच्या घरघरीत आतलं बोलणं बाकावरच्यांना ऐकू येत नाही. डिसेंबरात लहानू पाणी न घालता नुसता पंखा लावतो आणि आम्ही स्वेटर घालून, कुडकुडत पश्चात्ताप करतो. त्या घरघरीत शब्द बुडतात. हसू मात्र बुडत नाही.

आता ही नलू कोण, ते सांगते. चर्चच्या मागे तिचं घर. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान, तिच्या चार शेळ्या आणि कोंबड्या. मिस्सेला उशिरा येणार, केसात गवताची काडी असणार. गाणी मोठ्यांदा म्हणणार आणि पहिल्या कडव्यात तिसरं घुसवणार. उपदेश सुरू झाला की हिची मान कलली म्हणून समजा. एकदा तर तिच्या मागोमाग शेळीचं पिल्लू थेट वेदीपर्यंत गेलं. सगळं चर्च हसलं, फादरही हसले, आणि नलू पिल्लू काखेत मारून, मान खाली घालून परत आली. मी त्या दिवशी नवं टेबलक्लॉथ, म्हणजे वेदीवरचं पांढरं कापड, तांदळाच्या पेजेची खळ देऊन कडक इस्त्री करून आणलं होतं. त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

वेदीची कापडं मी सत्तावीस वर्षं धुते. मिस्सेतलं पहिलं वाचन मी करते, आणि एक अक्षर चुकत नाही. फादरांचा चहा आमच्याकडून जातो, साखर कमी, आलं जास्त, त्यांना आवडतो तसा. इथे आल्यापासून तीन वर्षांत ते चहाला छान म्हणाले, वाचनाला छान म्हणाले. पण हसले नलूजवळ.

माझं कन्फेशन व्यवस्थित असायचं. प्रार्थनेच्या पुस्तकात शेवटी आत्मपरीक्षणाची यादी आहे. शुक्रवारी रात्री ती समोर घ्यायची, देवाच्या दहा आज्ञांपैकी एकेका आज्ञेखाली काय बसतं ते बघायचं आणि कागदावर उतरवायचं. राग केला. प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. आळस केला. दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने म्हणायचं. फादर विचारायचे, आणखी काही? मी म्हणायचे, नाही. मग प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया, म्हणजे मरियामातेची छोटी प्रार्थना तीनदा. छत्तीस महिने, तीनच. आमचे हे, सदाशिवराव, एकदा म्हणाले की तुझा कागद फादरांना आता पाठ झाला असेल, तू नुसती मान हलवून आलीस तरी चालेल. त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग तेही कागदावर लिहिलं.

नलूचं वेगळं. ती बाहेर आली की वेदीसमोरच्या चटईवर गुडघे टेकून पंधरा-पंधरा मिनिटं बसायची. मी बाकावरून हिशेब करायचे. पंधरा मिनिटं म्हणजे दहा तरी नमो मरिया, की अख्खी जपमाळ? एवढं प्रायश्चित्त मिळायला पापही तसंच भरघोस हवं. आणि भरघोस पापावर फादर हसतात कसे? माझा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी एकदा पाण्याच्या टाकीपाशी तिला गाठलं आणि विचारलं, काय सांगतं वं तू आत?

"काही नाई, शोभाबाई," ती बादली उचलत म्हणाली. "जे झालं ते सांगते."

जे झालं ते. म्हणजे आम्ही काय न झालेलं सांगत होतो?

यंदा मार्चमध्ये बातमी आली की फादरांची बदली झाली. ईस्टर झाला की जाणार. म्हणजे माझ्या हातात दोनच शनिवार उरले, एक मार्चचा आणि एक एप्रिलचा. मी मनाशी ठरवलं, हे फादर गेल्यावर दुसरे येतील, कसे असतील कोणास ठाऊक, पण यांना एकदा हसवायचंच. बेचाळीस पोरांचा वर्ग हसवला आहे मी, एक फादर काय मोठी गोष्ट.

पण हसण्यासारखं पाप आणायचं कुठून? माझ्या आयुष्यात तसलं काही घडतच नाही. खूप विचार करून मी एक पाप तयार केलं. मार्चच्या शनिवारी ताटीसमोर बसले आणि सांगितलं की फादर, मी शेजारणीच्या झाडाची डझनभर लिंबं चोरली, भिंतीवर चढून. मी, साठीची बाई, पदर खोचून भिंतीवर, हे डोळ्यांसमोर आलं की कोणीही हसेल असा माझा अंदाज होता.

फादर हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले की लिंबं परत करा. आणि तीन नमो मरिया.

आता आली का पंचाईत. चोरी खोटी, पण फादरांची आज्ञा खरी. आज्ञा मोडायची तर ते आणखी एक पाप. शेवटी सोमवारी बाजारात गेले, भर उन्हात निवडून बारा लिंबं घेतली. आमच्या आळीत लिंबाचं झाड एकच, आणि ते नलूच्या दारात. भरदुपारी सगळे झोपलेले असताना तिच्या ओट्यावर पिशवी ठेवली आणि पळत घरी आले. लगडलेल्या झाडाखाली विकतची लिंबं ठेवून येणारी बाई देवळीत मी पहिलीच असेन.

एप्रिलचा शनिवार उजाडला. बेचाळीस डिग्रीचं ऊन. एरवी रांगेत पहिला नंबर माझा, पण त्या दिवशी मी मुद्दाम शेवटी बसले. घाईत काम बिघडू नये म्हणून. नलू माझ्या आधी आत गेली. दोन मिनिटं झाली असतील, आणि फादरांचं हसू असं फुटलं की आजवर कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला. लहानू पाण्याचा पेला घेऊन धावला. नलू बाहेर आली, चटईवर जाऊन बसली. बाकावर मी होते आणि माझा कागद होता, आणि तो कागद मला फाडून टाकावासा वाटत होता.

मी आत गेले. कूलर कानाशी घरघरत होता, त्यामुळे नेहमीसारखं मोठ्याने बोलावं लागत होतं. राग केला. प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. आळस केला. फादरांचा आवाज आला, आणखी काही? अजून त्यांच्या आवाजात मघाचं हसू होतं, नलूचं उरलेलं. ते ऐकलं आणि माझा तोल सुटला. शाळेतली भाषा गळून पडली आणि माहेरची तोंडात आली.

"आहे ना," मी वर्गात ओरडावं तशी ओरडले. "नलूपायी माहा जीव जळते, फादर. ते आली का तुमी हसता. मी काऊन दिसत नाई तुमाले?"

माझं 'आहे ना' म्हणून होतंय तोच कूलर बंद पडला. लाईट गेली होती. पुढचं सगळं त्या शांत खोलीत, पत्र्याला आपटून, सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

वाळ्यातून पाण्याचा थेंब पडल्याचं ऐकू आलं. ताटीपलीकडून फादर हलकेच म्हणाले, "शोभाबाई, हळू बोला. लाईट गेली आहे."

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण आता अब्रू गेलीच होती, मग उरलेलं तरी कशाला ठेवायचं? मी ताटीला तोंड लावून कुजबुजले की फादर, गेल्या महिन्यातली लिंबं मी चोरलीच नव्हती. तुम्ही हसावं म्हणून खोटं सांगितलं. आणि मग तुम्ही परत करा म्हणालात, म्हणून बाजारातून विकत आणून परत केली.

मग ताटी थरथरायला लागली. आधी वाटलं वारा आला, पण वारा कुठला. फादर हसत होते. तोंडावर हात धरून, आवाज होऊ नये म्हणून श्वास कोंडून, ताटीला खांदा लागेपर्यंत. माझ्यासाठी. त्यांनी डोळे पुसल्याचं वाळ्यातून अंधुक दिसलं. मग म्हणाले, दहा नमो मरिया.

दहा. मी पडदा सारून बाहेर आले तेव्हा झालेली फजिती विसरले होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या, ऐकलं नाही असं दाखवत होत्या. नलू अजून चटईवर होती. तिने सरकून मला जागा दिली. मी गुडघे टेकले.

"किती भेटल्या?" तिने हळूच विचारलं.

दहा, मी सांगितलं, आणि कबूल करते, मान जरा ताठ करून सांगितलं. नलूचे डोळे मोठे झाले. तिला तीनच्या वर कधी मिळाल्याच नव्हत्या म्हणे. मग पंधरा-पंधरा मिनिटं इथं बसतेस कशाला, असं मी विचारलं, तर तिचे गुडघे दुखतात, एकदा बसलं की उठायला वेळ लागतो. मी तीन वर्षं जळले ती तिच्या गुडघ्यांवर.

मग तिने आपणहून सांगितलं. माझा जीव तिच्यापायी जळतो हे कानावर पडल्यावर तिला वाईट वाटलं असावं.

"आज काही मोठं नव्हतं, शोभाबाई," ती म्हणाली. "माह्या ओट्यावर कोणीतरी बारा लिंबं ठेवून गेलतं. कोणाची आहे, विचारलं नाई, सरळ लोणचं घातलं. तेच सांगतलं. फादर लयच हसले, मले तं समजलंच नाई काऊन ते."

मला समजलं. फादर मघाशी पोट धरून हसले ते माझ्या लिंबांवर. म्हणजे ते हसू माझं होतं, माझ्या हक्काचं, आणि आत जाऊन ते घेऊन आली ही. आणि मला जे मिळालं, त्यात तरी माझं किती आणि तिच्या लोणच्याचं किती? चौथी नमो मरिया चालू होती, ती तिथेच अडली. गप्प बसावं असं फार वाटलं. पण नुकतंच खरं बोलून बाहेर आले होते, म्हणून सांगून टाकलं की ती लिंबं माझी होती.

नलू माझ्याकडे बघून हसायला लागली. वेदीसमोर, चटईवर, तोंडात पदर कोंबून, खांदे गदागदा हलवत. लहानूने डोळे वटारले. तिचं बघून मलाही आवरेना. उरलेल्या सात नमो मरिया आम्ही मिळून म्हटल्या, त्यातल्या दोन तिने चुकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात आली. काचेची बरणी पुढे केली आणि म्हणाली की लिंबं तुमची, मीठ-तिखट माझं, म्हणून अर्धं तुमचं. सदाशिवरावांनी लगेच पोळीबरोबर फोड घेतली आणि डोळे मिटले. त्यांनी माझ्या लोणच्याला आजवर कधी डोळे मिटले नव्हते. मी खोड काढण्याच्या इराद्याने एक फोड तोंडात टाकली. चार आठवड्यांचं लोणचं, पण माझ्या वर्षभराच्या लोणच्यापेक्षा चांगलं मुरलं होतं.