निम्म्या वाटेवरचा जोड

"आवं बाई, ह्ये कसलं निम्मं?" तात्यांनी माझ्या ड्रॉइंगवर दोरी धरली. "एक तुकडा आखूड, दुसरा लांबडा. वाटणीत आसं केलं तर भाऊ कोर्टात जातील."

तात्या म्हणजे सांगलीतल्या आमच्या बस-बॉडी कारखान्याचे मालक. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी त्यांची ड्राफ्ट्समन, आणि शेडमधली एकटी बाई.

बसच्या कपाळाचा, म्हणजे पुढच्या काचेवरचा, पत्रा एका तुकड्यात बसत नव्हता. वक्ररेषा दोन तुकड्यांत वाटायची, पण जोडावर कंगोरा दिसता कामा नये. पुण्यात मी कॉम्प्युटरवर वक्ररेषा काढायचा कोर्स केला होता. तिथली युक्ती साधी. चार बिंदू ओळीनं रेघांनी जोडायचे. प्रत्येक रेघेचा मध्य काढायचा, ते मध्य जोडायचे, पुन्हा मध्य. शेवटी एकच रेघ उरते. तिचा मध्य नेमका वक्ररेषेवर येतो, आणि ती रेघ दोन्ही तुकड्यांना सारखी टेकते, म्हणून कंगोरा येत नाही. नुसती बेरीज आणि निम्मं, त्यामुळे कॉम्प्युटरही पटकन उरकतो.

पण माझा लांबडा तुकडा पत्र्याबाहेर चार बोटं जात होता.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "इस्माईलभाई मिस्त्री डोळ्यानं काढतील. तुमी सोमवारपासनं हजेरी बघा."

ड्रॉइंगचा बोर्ड सुटला तर मी तिथं राहू कशाला?

"तात्या, साताऱ्याहून येताना निम्मा वेळ होतो तेव्हा एसटी कुठं असते?"

"कराडात. च्या पीत."

"रस्ता निम्मा सरलेला असतो?"

"छ्या. कासेगाव आल्याबिगर कुठलं निम्मं?"

"माझं गणितही वेळ मोजतं, रस्ता नाही. अशा रेषेला पॅरामेट्रिक म्हणतात. कुठं रेंगाळते, कुठं पळते. म्हणून जोड कराडात पडला. आता प्रत्येक रेघेवर मध्याच्या जरा पुढं, सगळीकडे सारख्याच प्रमाणात, खूण करू. युक्ती तीच, जोड कासेगावला."

इस्माईलभाई हसले. "बघू की करून, तात्या. कागदच हाय, पत्रा न्हाई."

पुन्हा रेघा ओढल्या. दोन्ही तुकडे पत्र्यात बसले. इस्माईलभाईंनी कापले, वेल्डिंग केलं, घासलं, रंग मारला. मग तात्यांनी डोळे मिटून बसच्या कपाळावरून तळहात फिरवला. डावीकडून, मग उजवीकडून.

"जोड कुठं हाय?"

"कासेगावला," इस्माईलभाई म्हणाले.

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला तर त्या बससमोर फुगडी घालावीशी वाटत होती. हजेरीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

पुढं ग्राफिक्सचे प्रोग्राम लिहायला लागले, तरी सवय तीच. कुणी 'निम्मं करा' म्हणालं की मी आधी विचारते, कशाचं? वेळेचं की वाटेचं?