नीरफणस हाजिर हो

उजवा हात कानामागं धरायचा, डोळे मिटायचे आणि गळ्याच्या शिरा फुगवून ओरडायचं, "नीरफणस हाजिर हो." दर रविवारी संध्याकाळी आमच्या सिडकोतल्या गल्लीत हा पुकारा व्हायचा. तो दौलताबादच्या किल्ल्यावर आपटून परत यायचा, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं तर तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या टपरीपर्यंतच पोचायचा. पण टपरी म्हटलं की पाहुणे चहा संपवून उठतात.

पुकारणारे म्हणजे आमच्या समोरचे काका. जन्मभर कोर्टात नावं पुकारली. निवृत्त झाल्यावर नावं संपली, आवाज शिल्लक राहिला. मग गल्लीत कुणाचाही तंटा असो, काका आपल्या ओट्यावर सुनावणी लावायचे. दोन्ही बाजू ऐकायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "निकाल देणं आपलं काम नाय. आपण फकस्त नाव पुकारतो. तारीख घ्या." एका मांजरीच्या मालकीचा खटला तर तिच्या नातवंडांपर्यंत चालला.

आता या नीरफणसाच्या खटल्यातला फिर्यादी मीच. कोकणात सहलीला गेलो होतो. जिथं उतरलो त्या घरमालकांशी बोलताना मी "आमची बाग" हे दोन शब्द अशा काही आवाजात उच्चारले, की त्यांना चार एकर दिसले. तुम्ही माझी बाग पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. जिना आणि भिंत यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा आहे. त्यात एक कढीपत्ता उभा आहे. शेजारणीनं फोडणीपुरता मागितला, की तो उघडा पडतो.

घरमालकांनी मोठ्या मनानं नीरफणसाचं रोप दिलं. फणसाचाच भाऊबंद, पण याच्यात गरे नाहीत, आठळ्या नाहीत. कच्च्या फळाचे काप करून तळायचे. पान केवढं, तर काकांनी डोक्यावर घेतलं असतं तर खांद्यापर्यंत सावली पडली असती. परत आल्यावर मी जाहीर केलं, की मराठवाड्यातला पहिला नीरफणस माझ्या दारात वाढणार. काप खायला अख्ख्या गल्लीला आमंत्रणही देऊन टाकलं. रोप तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होतं.

"लावायचं का नाय, ते आधी ठरू द्या," काका म्हणाले आणि कुंडी ताब्यात घेऊन आपल्या ओट्यावर ठेवली.

पहिल्या सुनावणीला पलीकडच्या मास्तरीणबाईंची साक्ष झाली. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही मनात आलं तर. त्यामुळं बाईंनी थेट मलाच विचारलं, "हे झाड पाणी किती पितं?"

"पीतच नाही," मी ठोकून दिलं. "हवेतनं ओढून घेतं."

"मग तुम्हीबी हवेतनंच ओढा. तुमची टाकी आम्हाला द्या."

मी मे महिन्यातल्या उन्हाबद्दल बोललो, डिसेंबरातल्या थंडीबद्दल बोललो, झाडाच्या जिद्दीबद्दल तर इतकं बोललो, की मलाच गहिवरून आलं. काकांनी सगळं ऐकलं. "तारीख घ्या."

मला वाटायचं, या माणसाला खटले संपवायचेच नाहीत. एकदा चिडून तसं म्हणालो. काका हातात ओलं फडकं घेऊन नीरफणसाचं पान पुसत होते. अंघोळीच्या बादलीतलं पाणी राखून ते रोपाला घालायचे आणि स्वतः ओल्या पंच्यानं अंग पुसायचे, हे गल्लीला ठाऊक होतं.

"हिला बघितलं का?" ते हळूच म्हणाले. कुंडीशेजारी खुर्चीत काकू बसल्या होत्या. काकू मूळच्या कोकणातल्या. वडिलांची बदली इकडं झाली, वडील परत गेले, लेक लग्न होऊन इथंच राहिली. गुडघ्यांमुळं त्या घराबाहेर पडत नसत. "इतक्या वर्षांत माहेरचं काय मागितलं नाय हिनं. हे रोप आल्यापासून रोज भिंत धरून बाहेर येती. तुम्ही म्हणता लावा. लावलं अन् मेलं, तर हिच्या डोळ्यासमोर मरंल. अन् परत पाठवा म्हणावं, तर ही पुन्हा आत जाऊन बसंल. मी काय करू?"

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेलं एक पान पुसलं. घरी येऊन बायकोला मात्र सांगितलं, की मी काकांना लाखमोलाचा सल्ला दिला.

मग थंडी पडली. पानांच्या कडा काळ्या झाल्या, दोन पानं गळाली. काकांनी कुंडी आत नेली आणि तिला आपली शाल गुंडाळली. त्या रविवारी सुनावणी आतल्या खोलीत झाली. पुकारा झाला नाही. काकूच बोलल्या.

"नका लावू इथं. मी जगले ना, म्हणून ते जगंल, असं नसतं. मला तहान लागली तर मागता येत व्हतं. ते कुणाला मागंल? कोकणात माझ्या भावाच्या घरामागच्या परड्यात नेऊन लावा. अन् मलाबी न्या."

काकांनी तारीख दिली नाही. उठून माळ्यावरची बॅग काढली. मी तेवढ्यात छातीवर हात ठेवून, झाडाच्या भल्यासाठी इतिहासातलं माझं स्थान सोडत असल्याचं जाहीर केलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बसा खाली. चहा गार होतोय."

मध्यवर्ती बसस्थानकावर त्यांना सोडायला मीच गेलो. कंडक्टरनं कुंडीकडं बोट दाखवलं, तर काका म्हणाले, "सरकारी साक्षीदार हाय, उभा राहून येईल." आठ दिवसांत येतो म्हणून गेले. त्यांच्या ओट्यावर आता मास्तरीणबाई मिरच्या वाळत घालतात.

परवा फोन केला. काकूंनी उचलला.

"रोप लागलं बघा. नवी पानं आली," त्या म्हणाल्या. "पण लई दमट हाय इथं. अंगाला कपडा चिकटतो. ज्वारीची भाकरी कुणाला थापता येत नाय. मी ह्यांना म्हणते, झाड घरी पोचलं, आता मला माझ्या घरी न्या."

"मग काका काय म्हणतात?"

"ऐकतंय कोण? सकाळपासून विहिरीच्या काठावर बसलेत."

"पाणी काढताहेत का?"

"काढत नाय हो," काकू म्हणाल्या. "नुसतं बघत बसलेत."