सावरीच्या शिकारीचा एकमेव साक्षीदार

"दार लावा रे! कोनी तरी दार लावा! हे कुत्री गेली तं खामगावातच सापडन!"

बडेभाई अंगणात उभे राहून असे ओरडत होते की बाळापूरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असावीत. मी अमरावतीहून नुकताच पोचलो होतो. पहाटे फोन आला होता... हमीदभाई गेले, झोपेतच गेले. दारात चपलांचा ढीग, पिशवी माझ्या हातात, आणि दार लावणार तरी कोण, तर मीच उंबऱ्यात उभा. माझ्या दोन पायांमधून काहीतरी सुर्रकन गेलं. मागे वळेपर्यंत सावरी गल्ली ओलांडून दिसेनाशी झाली होती. मित्राला शेवटचं पाहायला आलो आणि त्याचा जीव जिच्यात अडकलेला, तिलाच मोकळी सोडली! बडेभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की हमीदभाईंच्या शेजारी आणखी एक जागा खणायला सांगतात की काय, असं वाटलं.

हमीदभाई गाद्या-रजयांवाले. घरात तीन पिढ्यांचा कापूस पिंजायचा धंदा. पुढे मशीन आलं, तरी आजोबांचं पिंजण, म्हणजे ते पुरुषभर लांब धनुष्य, त्यांनी दुकानाच्या भिंतीवरून उतरवलं नाही. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो, आमची ओळखही बकरीच्या मोडक्या पायावरून झाली. पुढे सोलापूरकडच्या एका व्यापाऱ्यानं दोन रजयांच्या बदल्यात त्यांना पश्मी जातीचं पिल्लू दिलं. अंग गुळगुळीत, पण कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागे रेशमासारखी लांब झालर. उशीत भरतात त्या सावरीच्या कापसासारखी मऊ, म्हणून नाव सावरी.

ही शिकारी कुत्र्यांची जात. वासावर नाही, नजरेवर चालते. लांबवर काही हललं की सुटली! सावरी धावायची तेव्हा वारा मागून "थांब वं बाई" म्हणत यायचा, हे मी स्वतः ऐकलं आहे. मात्र एकदा सुटली की हाका मारून उपयोग नाही, आणि रागावून हाक मारली तर दोन दिवस तोंड फिरवून बसणार. अंगावर चरबी नाही, हाडं जमिनीला टोचतात, म्हणून झोपायला मऊच लागतं. देवानं तिला नेमकी गादीवाल्याच्या घरी धाडली! रोज उजाडायच्या आत मैलभर मोकळं धावणं, दुपारी ओल्या पोत्यावर लोळणं, आणि मग कंगवा. त्या झालरीत गोखरू अडकतात, कुसळं शिरतात, एक दिवस हयगय केली की केसांची दोरखंडं होतात. हमीदभाई आधी पिंजणाची तार छेडायचे. तुंग, तुंग. सावरी असेल तिथून यायची आणि मांडीवर मान टाकायची. ते बायकोच्या केसांना लावायचं तेल हिच्या कानांना लावतात, असं मी गावभर सांगितलं होतं. खरं तर ते तेल दुसरं होतं, पण बाटली तीच होती.

अडचण एकच होती, बडेभाई. हमीदभाईंचे थोरले भाऊ, पाच वेळचे नमाजी, आणि घर त्यांच्या शब्दावर चालायचं. "शौक म्हनून कुत्रं घरात नाही पायजे, हमीद. शिकारीचं, राखनीचं असन तं गोष्ट अलग." हमीदभाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, शिकारीचंच आहे! आणि साक्षीदार म्हणून माझ्याकडे बोट केलं. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्या घरात शिकारी आणून टाकत होतो. अमरावतीजवळच्या वलगावला आमचं शेत, तिथून सावरीनं रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप हाकलला, डुकराला कान धरून नाल्यापार नेऊन सोडलं... बडेभाई तसबीची माळ फिरवत ऐकायचे. "मंग डुक्कर काय म्हने?" एवढंच विचारायचे. इकडे शिकारीची कुणकुण लागून वनरक्षक विचारायला आला की आम्ही उलट सांगायचो, साहेब, हिला अर्धं दिसतच नाही.

खरं काय ते ऐका. तुरीच्या शेतात एकदा ससा उठला. सावरी बाणासारखी गेली, ससा दमून थांबला, वळून बसला. हीसुद्धा बसली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग ससा एक पाऊल पुढे आला, आणि आमची वाघीण धूम पळत येऊन हमीदभाईंच्या मागे लपली. यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही, वाढवायला जागाच नव्हती.

शेवटच्या भेटीत हमीदभाई खाटेवर होते. छातीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, मी गेलो तं सावरी घरातच राह्यली पायजे. दुसऱ्याकडे जगनार नाही थे. तू शिकारीचा किस्सा चालू ठेवजो." मी हसण्यावारी नेलं. अमरावतीत मी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो, तिथे हिला आणणं म्हणजे घोडा कपाटात ठेवणं. किस्सा चालू ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं...

त्या दिवशी माती देऊन परतलो, तरी सावरीचा पत्ता नव्हता. मी दुकानात गेलो, पिंजण उतरवलं आणि छेडलं. बेसूर, भांडं आपटल्यासारखं. दहा वेळा, वीस वेळा, बोट सोलवटलं. मग गल्लीच्या टोकाला लंगडत, काट्यांनी भरलेली ती आली. माझ्याकडे बघितलं, पिंजणाकडे बघितलं, हमीदभाईंच्या रिकाम्या गादीवर जाऊन पडली. मला हुंदका आला तो त्या वेळी, आणि खरं सांगतो, त्यात निम्मं हायसं वाटणं होतं.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला पुन्हा गेलो. गल्लीतूनच ऐकू आलं... तुंग, तुंग. दुकानात बडेभाई पिंजण घेऊन बसलेले, सावरी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. "तार ढिली तं नाही झाली, पायत होतो," ते म्हणाले. "हमीद गेला. आता हिची शिकार बंदच झाली म्हना."

आता शिकार नाही म्हणजे घरही नाही! नवा किस्सा ओठावर होता, चांगला बिबट्याचा होता. पण त्या रिकाम्या गादीसमोर जीभ उचलेना. म्हटलं, "बडेभाई, माफ करा. हिनं जन्मात शिकार केली नाही. हे सशाले भेते. नऊ वर्षं मी तुमाले खोटं सांगून राहिलो. पन तिले काढू नका."

बडेभाईंनी पिंजण भिंतीला टेकवलं.

"मालूम होतं," ते म्हणाले. "तिच्या डाव्या कानात गोखरू अडकलं, थे काढून दे पयले."